८९१.४६३

सांगलीतल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर परवा माझी लायकी निघाली. हातात रहस्यकथा होती, एवढाच गुन्हा.

रांगेत मागे कडक इस्त्रीच्या झब्ब्यातले एक काका. मान वाकडी करून त्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं.

"घरच्यांसाठी का?"

"नाही, मीच वाचतो."

"असं होय…" हे 'होय' त्यांनी इतकं लांबवलं की मला कसला तरी आजार निघालाय असं वाटलं. "नाही, विरंगुळ्याला बरं असतं. आम्ही आपले गंभीरच वाचतो. अहो, खांडेकर जन्मले या गावात!"

जणू बाळंतपण यांनीच केलेलं.

"आणि याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ?"

"ते काय… लोकांना आवडतात."

लोकांना! 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा परीक्षक म्हणून लोकच बसले असावेत.

काकांना कुणीतरी ड्युईची दशांश पद्धत, म्हणजे वाचनालयात पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची रीत, समजावून सांगायला हवी. तिच्यात मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कथा-कादंबरी ८९१.४६३. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा असो की ज्ञानपीठवाल्या खांडेकरांची 'ययाति', पाठीवर आकडा एकच. पुढची मांडणी आडनावाच्या अक्षरानं, म्हणजे अर्नाळकर खांडेकरांच्याही आधी!

पुस्तक खरंच वाचलं गेलंय का, हे पाहायचं तर पानांच्या कडा बघाव्यात. अंगठा लागतो तिथं त्या काळपटतात. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाची सुरुवातीची पानं मळकी, पुढं सगळं कोरं. रहस्यकथेचं दुखणं निराळं. पानं नुसती पाठीला चिकटवलेली. लोक पुस्तक पालथं टाकून चहाला उठतात, की ते मधोमध फाकलंच. मग बाइंडर भोकं पाडून आडवी शिवण मारतो. त्यात आतला समास जातो आणि ओळीच्या टोकाची अक्षरं टाक्यात अडकतात. खुनी कोण, ते नेमकं तिथंच.

काकांच्या जाडजूड ग्रंथाच्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. मुदत केव्हाच उलटलेली. ग्रंथपालबाईंनी दंड सांगितला, तर म्हणाले, "असली पुस्तकं काय आठवड्यात होतात?" दंड माफ. वर पुन्हा तोच ग्रंथ पंधरा दिवसांसाठी.

ही सवलत रहस्यकथेला आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. ती म्हणे लवकर वाचून होते.