नऊ गुंठ्यांचा चौकोन

५ डिसेंबरला, जागतिक मृदा दिनाचं निमित्त साधून, धाकट्या भावानं भावकीच्या ग्रुपवर जमीन आरोग्य पत्रिकेचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'ताई, आमच्याकडं २०१५ पासनं पत्रिका हाय. तुमच्या आफ्रिकेत अजून उपग्रहातनं माती बघत्यात म्हणं!' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. काकांनीसुद्धा अंगठा दिला.

पत्रिकेशी माझं भांडण नाही. सामूपासून बोरॉनपर्यंत १२ घटक तपासतात, चांगलंच आहे. पण नमुना कितीला एक? बागायतीत अडीच हेक्टरांना, जिरायतीत १० हेक्टरांना. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. आपल्याकडं तेवढ्यात किती जणांचे बांध येतात ते भावानंच मोजावं. इकडं आफ्रिकेत आयएसडीए या शेती-माहितीच्या संस्थेचा नकाशा जवळपास अख्ख्या खंडाची माती ३० मीटरच्या चौकोनांत दाखवतो. ३० मीटर म्हणजे नऊ गुंठे. फोनवर, फुकट.

हो, तो उपग्रहाच्या चित्रांवरून बांधलेला अंदाज आहे. प्रत्येक चौकोनात कुणी खुरपं घेऊन गेलेलं नाही. पण अंदाज हवेतला नाही. त्यामागं तपासलेले लाखाहून जास्त नमुने आहेत. त्यातल्या काहींसाठी २००९ च्या सुमारास आफ्रिका सॉइल इन्फर्मेशन सर्व्हिस या प्रकल्पानं खंडभर ६० जागा निवडल्या, प्रत्येक १० किलोमीटर लांब-रुंद, आणि तिथली माती खणून आणली. इथं नैरोबीत, गिगिरीतल्या प्रयोगशाळेत हे काम मी पाहिलंय. माती वाळवतात, चाळतात, मैद्यासारखी दळतात, चिमूटभर एका छोट्या खळग्यात दाबून बसवतात आणि तिच्यावर अवरक्त किरण सोडतात. थोड्या नमुन्यांचं रीतसर रासायनिक पृथक्करण, बाकीच्यांचं या किरणांवरून. वेळ वाचतो, पैसा वाचतो. हसण्यासारखं काय आहे यात?

इथिओपियाचं बघा. वर्षानुवर्षं तिथं डीएपी आणि युरिया, दोनच खतं. २०१२ नंतर देशभर माती तपासल्यावर कळलं की गंधक, जस्त, बोरॉनही कमी पडतंय, आणि खतं बदलली. आमचा भाऊ पत्रिका फायलीत लावतो आणि युरियाची गोणी स्वस्त म्हणून दोन जादा टाकतो.

ग्रुपवर मी इतकंच लिहिलं. जे लिहिलं नाही ते असं. मी नैरोबीत खतांच्या एका व्यापाऱ्याकडं हिशेब बघते. पश्चिम केनियात काकामेगाकडची माती आंबट झालीय, त्यात वर्षानुवर्षांच्या डीएपीचाही हात आहे. नकाशा ते दाखवतो, अ‍ॅग्रोव्हेटवाला, म्हणजे खत-बियाण्याचा दुकानदारही सांगतो. उपाय चुना. पण चुना किलोत नाही, हेक्टरी टनांत लागतो, आणि चुना जिथं निघतो त्या कोरूहून ट्रकचं भाडं कळलं की गिऱ्हाईक लाँग रेन्सच्या, मार्च ते मेच्या मोठ्या पावसाच्या तोंडावर पुन्हा डीएपीचीच गोणी उचलतं. मोबाइलवरून पैसे आल्याचा एम-पेसाचा मेसेज येतो, मी पावती फाडते. २००६ साली नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकेच्या नेत्यांनी २०१५ पर्यंत खतांतून हेक्टरी ५० किलो अन्नद्रव्यं देण्याचा शब्द दिला होता. तो काही पुरा झाला नाही. मे २०२४ मध्ये नैरोबीत खतं आणि मातीवर पुन्हा परिषद भरली, त्या वेळी शहर पुराच्या चिखलात होतं. हे सगळं भावकीपुढं कशाला उघडं करायचं?

खरं तर केनियाला माझी वकिली नकोच आहे. इथं इतकी वर्षं राहून मी मुहिंदीच, म्हणजे हिंदुस्थानीच. आणि गावी वाळव्याकडं गेले की 'आफ्रिकेची ताई', जिला उसातलं काय कळतंय! काकामेगातला कुठलाही चौकोन मी रात्री अंथरुणात उघडून बघते. आमचा ओढ्याकडचा तुकडा त्या नकाशात नाही; नकाशा आफ्रिकेपुरता. त्या तुकड्याशी माझं नातं सातबाऱ्यावरच्या नावापुरतं, आणि तेही गेलं वर्षभर भाऊ हक्कसोडपत्रानं काढू बघतोय. गोड बोलून, पण काढू बघतोय.

फोटोतली पत्रिका मी मोठी करून वाचली. गट नंबर आमचाच. सामू सात पूर्णांक काहीतरी, एकदम मध्यम. आणि तो तुकडा तर उसाच्या पाण्यानं कधीचा क्षारपड झालाय, उन्हाळ्यात त्यावर पांढरा थर धरतो, हे मला इतक्या लांबून माहीत आहे. नमुना कुठल्या तरी शेजाऱ्याच्या चांगल्या रानातला असणार.

भावाला वेगळा मेसेज केलाय. सही करीन म्हटलं, पण आधी त्या तुकड्याची माती तपासून अहवाल पाठव. आणि नमुना आतला घे, बांधाजवळचा चालणार नाही.