उजव्या कानाला डाग

निपाणीच्या माणसानं महाराष्ट्रात कुठंही आपलं गाव सांगितलं, की समोरचा पन्नाशीपुढचा असेल तर हसतोच. "म्हणजे लखोबाच्या गावचे!" अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आलं आणि आमच्या गावची ओळख तंबाखूपेक्षा त्या तंबाखूच्या व्यापाऱ्यावरून होऊ लागली. नाव, जात, धर्म अंगरख्यासारखे बदलत बायकांना फसवणारा हा लखोबा लोखंडे. नाटक एका खऱ्या खटल्यावर बेतलेलं. पण प्रभाकर पणशीकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून ते तीन शब्द म्हणायचे तेव्हा टाळ्या पडायच्या, आणि त्या फसलेल्या बायकांसाठी नसायच्या. माझ्या वडिलांनी कोल्हापुरात ते तीनदा पाहिलं. घरी आल्यावर नक्कल करायचे ती लखोबाचीच. सरकारी वकिलाची कधी केल्याचं मला आठवत नाही.

मी गेली एकोणीस वर्षं इंग्लंडात, स्विंडनला राहतो. परदेशी माणसाचं नाटक बरोबर उलटं असतं. लखोबाला 'तो मी नव्हेच' हे पटवायचं होतं. आम्हाला दर दोन-चार वर्षांनी 'तो मीच' हे पटवावं लागतं. बोटांचे ठसे, विजेची बिलं, पगाराच्या पावत्या. जन्मदाखल्यावर 'निप्पाणी' आणि पासपोर्टवर 'निपाणी', या एका अर्ध्या 'प'पायी माझा अर्ज एकदा सात आठवडे लटकला होता.

हे आत्ता सुचायचं कारण आमचा भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्या रात्री तिथं फादर स्टीफन्सच्या ओव्या फिरल्या. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेल्या: फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी. खाली पुण्याच्या दादानं लिहिलं होतं, "एका इंग्रजाला कळलं, आपल्या लोकांना कधी कळणार?" पुढं २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला थपडा बसल्या. तो व्हिडिओही दादानंच टाकला. "बाहेरून यायचं तर भाषा शिकून यायचं." मी लिहिलं, "दादा, स्टीफन्स कुठं शिकून आला होता? इथं येऊनच शिकला ना." उत्तर लगेच आलं, "तू तिकडं बसून ज्ञान पाजळू नकोस."

दादाचं निम्मं बरोबर आहे. लोकलच्या गर्दीत, बँकेच्या खिडकीपाशी आपल्याच राज्यात आपली भाषा गिळावी लागते तेव्हा काय वाटतं, ते स्विंडनच्या सोफ्यावरून कळत नाही. शिवाय माझी स्वतःची अवस्था काय? माझा मुलगा आजीला फोनवर "मी बरी आहे" म्हणतो, कारण तो मराठी आईकडून शिकला आणि मी कामावर होतो. दुकानाची पाटी मराठीत हवी, सरकारी कारभार मराठीत हवा, याबद्दल मला शंका नाही.

पण मी निपाणीचा आहे. १९५६ साली राज्यांच्या रेषा बदलल्या आणि आम्ही घर न हलवता परराज्यात गेलो. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात जी गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं त्यांत निपाणी होती. तो अहवाल महाराष्ट्राला इतर कारणांनी मान्य झाला नाही आणि निपाणी आहे तिथंच राहिली. आता कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं आहे. त्यावर आमच्याच ग्रुपवर 'भाषिक अत्याचार' म्हणून संताप होतो, आणि मीरा रोडची तीच गोष्ट 'अस्मिता' होते. मध्ये फक्त घाट आहे. आणि इकडं? मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत इंग्लंडच्या सरकारनं बाहेरून येणाऱ्यांसाठी इंग्रजीची पातळी आणखी वर न्यायचं ठरवलं, पंतप्रधान देश अनोळखी माणसांचं बेट होईल अशी भाषा बोलले (पुढं त्यांना त्याचा पस्तावाही झाला), त्या आठवड्यात दादाचा मला काळजीचा फोन होता. "काय रे हे लोक! इतकी वर्षं राहून माणूस परकाच?"

हा स्टीफन्स माझा जवळजवळ शेजारी. त्याचं गाव बुश्टन, विल्टशर परगण्यात. स्विंडनहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी चार घरं, शेतं, कुंपणाच्या झुडपांमधून जाणारा अरुंद रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला तर मागं जावं लागतं असा. १५४९ च्या सुमारास तो इथं जन्मला. त्याची तरुणाई ज्या इंग्लंडात गेली तिथं १५७२ साली भटक्यांविरुद्ध एक कायदा झाला. मला तो कायदा कुठल्याही कादंबरीपेक्षा वाचनीय वाटतो. 'लुच्चे आणि भटके' कोण, याची यादी त्यात दिली आहे: हात पाहून भविष्य सांगणारे, फेरीवाले, कल्हईवाले, अस्वलाचे खेळ करणारे, कुणा सरदाराचा आश्रय नसलेले नट आणि गवई, जहाज बुडाल्याची थाप मारून भीक मागणारे खलाशी. आणि याच रांगेत, विद्यापीठाच्या शिक्क्याचा परवाना न घेता भिक्षा मागत हिंडणारे ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी. शिक्षा सगळ्यांना एकच. फटके आणि तापल्या लोखंडानं उजव्या कानाला डाग.

म्हणजे विद्वान आणि भामटा यांत फरक एका शिक्क्याचा. शिक्का असेल तर माधुकरी, नसेल तर कान पुढं करा. आपल्याकडं वारावर जेवून शिकलेल्यांच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. त्या मुलांना विल्टशरमध्ये कोतवालानं धरलं असतं. नंतरच्या १८२४ च्या कायद्यातही 'लुच्चे आणि भटके' हे शब्द राहिले, उघड्यावर झोपणं गुन्हा राहिलं. तो रद्द करण्याची घोषणा सरकारनं केली २०२५ च्या जूनमध्ये.

स्टीफन्स भिकारी नव्हता, व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याचा गुन्हा निराळा: प्रोटेस्टंट राणीच्या राज्यात तो कॅथलिक राहिला. टॉमस पाउंड नावाच्या मित्रासोबत रोमला पळायचा बेत होता. पाउंड पकडला गेला आणि आयुष्याची जवळपास तीस वर्षं या ना त्या तुरुंगात राहिला; स्टीफन्स निसटला. १५७५ साली रोममध्ये जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रचारकांच्या संघाचा सदस्य, झाला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. मागं इंग्लंडात काय चाललं होतं? ऑक्सफर्डचा नावाजलेला विद्वान एडमंड कँपियन जेझुइट होऊन परतला, त्याला १५८१ साली फाशी देऊन त्याचे तुकडे केले. १५८५ च्या कायद्यानं तर जेझुइट पाद्र्यानं इंग्लंडात नुसतं असणं हाच राजद्रोह ठरला. स्विंडनपासून अर्ध्या तासावरच्या आपल्या घरी तो पुन्हा गेला नाही. जाणार कसा?

आपण पाठ्यपुस्तकात हा भाग शिकवत नाही. आपला स्टीफन्स थेट मोगरी घेऊनच प्रकट होतो.

दुसराही एक भाग गाळतो, आणि तो जास्त अवघड आहे. हा फरारी माणूस गोव्यात आला तो सत्ताधाऱ्यांच्या बाजूनं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून बसलं होतं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, हे सगळं तो येण्याआधी पंधरा-वीस वर्षांतलं. १५८३ साली गोव्यातल्या सासष्टीत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं आणि पोर्तुगीजांनी गावकारांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. त्या वर्षी स्टीफन्स सासष्टीतच होता. त्याच १५८३ च्या ऑक्टोबरात तो आपल्या भावाला पत्रात लिहितो, की इथल्या भाषा रचनेत ग्रीक आणि लॅटिनसारख्या आहेत. भाषापंडित विल्यम जोन्सनं हे कोलकात्यात सांगितलं १७८६ साली, दोनशे वर्षांनी. एकाच वर्षी एका हाताच्या अंतरावर कत्तल आणि व्याकरण. मला या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाहीत.

त्याच सुमाराला होर्मुझमध्ये पकडलेले व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे तीन इंग्रज सोबती गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. हेर असल्याचा संशय, वर पाखंडी. त्यांच्या जामिनासाठी धावला कोण, तर हाच. ज्या धर्माच्या राज्यानं त्याला घर तोडायला लावलं, त्या धर्माच्या पोरांसाठी! त्यांतले तिघं पुढं गोव्यातून पळाले, जामीनदाराचं काय झालं असेल याचा विचार न करता बहुधा. निपाणीचा लखोबा यांच्यापुढं कच्चा.

मग १६१६ साली सासष्टीतल्याच राशोलला छापलेलं क्रिस्तपुराण, त्या मोगरीच्या ओव्या ज्यातल्या ते. जवळपास अकरा हजार ओव्या, रोमी लिपीत. कारणही त्यानं लपवलं नाही: बाटवलेल्या लोकांची जुनी पुराणं गेली होती, त्या जागी काहीतरी हवं होतं. जिथं पोथ्या जाळल्या गेल्या तिथं त्यानं पोथी लिहिली, ज्ञानोबा-एकनाथांची ओवी उचलून. हे मन जिंकणं होतं की मन काबीज करणं? दोन्ही होतं असं मला वाटतं. पण त्यासाठी त्याला आयुष्याची चाळीस वर्षं सासष्टीच्या लोकांच्या ओसरीवर घालवावी लागली, आणि भाषा काही अशी वस्तू नाही की ती फसवण्यासाठी शिकली म्हणून खोटी शिकली जाते. मोल्सवर्थचंही तेच. कंपनीच्या फौजेतला अधिकारी, शास्त्र्यांना हाताशी धरून १८३१ साली मराठीचा कोश काढतो. आजही एखाद्या जुन्या शब्दावरून अडलं की अस्मितेचे पुढारीदेखील त्याचंच पान उघडतात.

दादाशी माझं भांडण एवढंच आहे. स्टीफन्सला प्रमाणपत्र देणारा गोरा पाहुणा म्हणून मिरवायचं असेल तर मिरवू नका. तो आपल्या देशात गुन्हेगार होता, आपल्याकडं घुसखोर होता, आणि मराठीचा पंडित होता. तिन्ही एकाच अंगरख्यात. त्याचं ऋण मानायला तो स्वच्छ असावा लागत नाही. आणि मीरा रोडच्या दुकानदाराच्या पोरांतून कोण निघेल ते थप्पड मारणाऱ्याला ठाऊक नसतं. मला तरी कुठं ठाऊक आहे?

वर मी 'भामटा' हा शब्द सहज वापरला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'राजपूत भामटा' हे एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १५७२ चीच ती जुनी यादी, कानाचा डाग तेवढा गेला आणि हजेरी आली. १९५२ साली कायदा गेला, शिवी राहिली. नाटकातल्या लखोबाला भामटा म्हणून आपण टाळ्या देतो. ते नाव दाखल्यावर लागतं त्या मुलाला कुणी देत नाही.

माझ्या गल्लीत सासष्टीतल्या राय गावचा एक गोंयकार आहे. स्विंडनमध्ये गोव्याचे लोक पुष्कळ, बरेचसे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. १९६१ आधीच्या जन्माचे आणि त्यांची मुलं-नातवंडं तो काढू शकतात. म्हणजे यांनाही आजोबाच्या दाखल्यावरून 'तो मीच' करावं लागलंच. रात्रपाळीला गोदामात असतो, रविवारी चर्च. मी त्याला स्टीफन्सबद्दल विचारलं तर म्हणाला, "तो आमचो. कोंकणीचो." खरंच आहे. कोकणीचं पहिलं व्याकरण त्याचंच, तो गेल्यावर १६४० साली छापलेलं, आणि पर्वरीला त्याच्या नावाचं कोंकणी केंद्र आहे. मी म्हटलं, "आमच्याकडं तो मराठीचा." तो हसला. "आनी हांगाचे लोक?" इथल्या लोकांना तो माहीतच नाही, असं मी सांगितलं.

गेल्या डिसेंबरात मी त्याच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप नेला, क्रिस्तपुराणाची १९०७ ची मंगळूरची रोमी लिपीतली प्रत उघडून. मला ती वाचताना ठेच लागत होती; क्यू कुठं, एक्स कुठं, काही पत्ता लागेना. त्याला देवनागरी येत नाही, पण हे तो चर्चमधल्या मिस्सेच्या पुस्तकासारखं घडाघडा वाचू लागला. वाचायचा तो आणि अर्थ सांगायचो मी. 'हरळ' म्हणजे खडे, 'चोखळा' म्हणजे शुद्ध. त्याची बायको मागं सोरपोतेल ढवळत ऐकत होती. पुढच्या ओवीत एका शब्दापाशी मी तोंड उघडलं तसा त्यानं हात वर केला.

"मोगरी म्हाका खबर आसा," तो म्हणाला, आणि पुढं वाचू लागला.