एकरी चार क्विंटल आणि आळसाचा शिक्का

कापसाचा हंगाम आला की एक संदेश हमखास फिरतो. इस्रायल वाळवंटात पिकं घेतो, चीन हेक्टरी आपल्या निदान पाचपट रुई काढतो, आणि विदर्भातला शेतकरी मात्र एकरी चार-पाच क्विंटल कापसावर अडलेला. कारणं तीन: आळस, अज्ञान, तुकड्यांची शेती. उपाय म्हणे एकच, जमिनी एकत्र करून कंपन्यांच्या हाती द्या. आकडे साधारण बरोबर आहेत, त्यांवरून काढलेला अर्थ नाही.

मुळात इथे उत्पादकता आणि कार्यक्षमता यांची गल्लत आहे. एकरी किती पिकलं ही उत्पादकता. हाताशी असलेल्या जमिनीत, पाण्यात, खतात आणि मजुरीत जेवढं पिकू शकत होतं, त्यातलं किती पिकलं ही कार्यक्षमता. अर्थशास्त्रज्ञ मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्ये या मोजणीची रीत मांडली. तिच्यात यवतमाळच्या मुरमाड रानाशेजारी चीनच्या शिनजियांगमधलं ठिबकवरचं शेत उभं करताच येत नाही.

आता आळस. महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू. आपल्याकडे सर्रास लावतात ते लांब मुदतीचे संकरित वाण. त्यांची बोंडं भरायच्या वेळी पाऊस परतलेला असतो आणि हलक्या जमिनीतली ओल संपत आलेली असते. तेव्हा एक-दोन पाणी मिळालं तर पीक सावरतं. ज्याच्याकडे विहीर आहे त्यालाही वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत. इस्रायलनं १९६४ मध्ये देशभर पाणी नेणारी जलवाहिनी पुरी केली आणि आज सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्ध करून शेतीला दिला जातो. हे एकेकट्या शेतकऱ्यानं लवकर उठून केलेलं काम नव्हे.

अज्ञानाचा मुद्दा जास्त चिडवणारा आहे. पाऊस दडी मारून बसला असताना खताचा दुसरा हप्ता न टाकणारा माणूस अडाणी नसतो. बुडणारा पैसा वाचवण्याचा हिशेब त्यानं केलेला असतो. गरीब शेतकरी आहे त्या साधनांत बऱ्यापैकी काटेकोर असतो, असं अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ १९६४ मध्येच सांगून गेले. पीककर्ज पेरणी उलटल्यावर हाती आलं, तर बी-बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर येतं, आणि उधारीवाल्याला वाण निवडता येत नाही. दुसऱ्याची जमीन मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, कसणाऱ्याचं तर सातबाऱ्यावर नावच नसतं, करार तोंडी. त्याच्या नावावर पीककर्ज कोण देणार? शिक्षणानं आणि वेळेवरच्या सल्ल्यानं फरक पडतो, नक्की पडतो. पण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं हलक्या जमिनीसाठी कमी मुदतीच्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणांची दाट लागवड सुचवली, तरी ते बियाणं गावच्या दुकानात मिळायला हवं ना!

राहिला तुकड्यांचा प्रश्न. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर होतं. पण लहान शेतात एकरी उत्पादन मोठ्या शेतापेक्षा जास्त दिसतं, हे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं, कारण घरची माणसं राबतात. यंत्रं आणि भांडवल वाढलं तशी ही बाजू कमकुवत होत गेली, हेही खरं. चार ठिकाणी विखुरलेल्या दोन एकरांत बांध, वाट, पंप सगळंच महागात पडतं. त्यासाठी तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ पासून आहे. विखुरलेले तुकडे एका जागी आणणं आणि मालकाला बाजूला सारणं या दोन वेगळ्या गोष्टी.

शेतकऱ्याची चूक कुठेच नाही, असं मात्र नाही. डिसेंबरनंतर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून टाका, असं दरवर्षी सांगूनही फरदड ठेवली जाते, म्हणजे पाणी देऊन पीक पुढे लांबवलं जातं, गुलाबी बोंडअळीला मुक्काम मिळतो आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याचीही बोंडं किडतात. पण फरदड ठेवणारा बहुधा ओलितवाला असतो. म्हणजे संदेशात ज्याला आळशी ठरवलं जातं, तो कोरडवाहू शेतकरी नव्हे.