जवाचं पाणी

आईला मी सांगून ठेवलं होतं की हल्ली मी घरी जवाचं पाणी करतो. यात खोटं काहीच नव्हतं. जव होते, पाणी होतं, चांगली तासभर उकळी काढलेली होती. "कर बाबा, मूत्रपिंडाला फार चांगलं," ती फोनवर म्हणाली, "फक्त ताजं पीत जा. शिळं ठेवू नकोस." नेमकी तिथेच पंचाईत होती. माझं जवाचं पाणी महिनाभर शिळं झाल्याशिवाय पिण्याजोगं होत नव्हतं, आणि झाल्यावरही होत नव्हतं.

इंग्लंडात राहायला आलो तेव्हा इथल्या बिअरबद्दल माझं मत वाईट होतं. तपकिरी, कोमट आणि फेस नसलेली. मग एका जून महिन्यात, कोपऱ्यावरच्या पबमध्ये, पिंपातली बिअर ओढणाऱ्या हातपंपातून माझ्यापुढे एक गोल्डन एल आली. एल म्हणजे इथली जुन्या वळणाची बिअर, ही तिच्यातली सोनेरी. रंग उन्हाचा. वास आधी मधाचा, मग कापलेल्या गवताचा, मग लिंबाच्या सालीचा. घोट गिळल्यावर जिभेच्या मागे एक बारीकसा कडवटपणा राहायचा, आणि तो जावा म्हणून दुसरा घोट घ्यावा लागायचा. तिचं नाव इथे सांगत नाही. ती करणारी माणसं सज्जन आहेत, आणि पुढे मी जे प्रकार केले त्यांच्याशी त्यांचं नाव जोडलं जाऊ नये.

गोल्डन एल हा प्रकार तसा जुना नाही. सॉमरसेटमधल्या विव्हलिस्कम गावच्या एक्समूर ब्रुअरीने १९८६ साली आपल्या हजाराव्या घाण्यासाठी फिकट सोनेरी एल केली, तिचं नाव एक्समूर गोल्ड. थोड्याच वर्षांत सॉल्सबरीच्या हॉप बॅकची समर लाइटनिंग आली. थंडगार, फिकट लागर बिअर पिणाऱ्या तरुणांना एलकडे ओढावं, हा त्यामागचा डाव. मी तरुण नव्हतो, पण ओढला गेलो.

दुःख एवढंच की माझी लाडकी फक्त उन्हाळ्यात यायची. सप्टेंबर लागला की हातपंपावरची तिची पाटी उतरे आणि तिथे काही तरी काळंकुट्ट लागे. बाटलीत ती वर्षभर मिळायची, पण बाटलीतली ती म्हणजे लग्नाच्या फोटोतली वहिनी. ओळखू येते, पण ती नव्हे.

तेव्हा घरीच करू, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, ही म्हणाली, "विकत मिळते ना?" कायद्याची अडचण नव्हती. १९६३ पर्यंत इंग्लंडात घरी बिअर करायलाही परवाना लागायचा. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. आता स्वतःसाठी हवी तेवढी करा, विकू मात्र नका. ही दुसरी अट मोडण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

वाचून पाहिलं तर काम सोपं वाटलं. चार किलो मॅरिस ऑटर जातीच्या जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भरडून घ्यायचं. ते ६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, म्हणजे पिष्टाची साखर होते. गाळून घ्यायचं, उकळायचं, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालायची. सुरुवातीला घातलेली कडवटपणा देतात, शेवटी घातलेली वास देतात. मग गार करून यीस्ट टाकायचं आणि गप्प बसायचं. वीस लिटर बिअर तयार. मला वाटलं, साधी तर आहे!

साधी आहे म्हणूनच तर घात होतो. मिसळीत चुकलेलं लपतं, साध्या वरणात लपत नाही. काळ्या स्टाउट बिअरमध्ये भाजलेल्या धान्याच्या पांघरुणाखाली काय काय झोपलेलं असतं. गोल्डन एलमध्ये एकच माल्ट, एखाददुसरं हॉप आणि तुमचा गाढवपणा, एवढंच असतं.

पहिला घाणा निघाला. मी घोट घेतला आणि आता कुणी तरी येऊन दंडाला स्पिरिट चोळणार असं वाटलं. दवाखाना! अगदी ताज्या मलमपट्टीचा वास. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आणि माल्टमधली फिनॉल्स एकत्र आली की हेच होतं म्हणे, आणि कॅम्डनची अर्धी गोळी पाण्यात टाकली असती तर झालं नसतं. वीस लिटरला अर्धी गोळी. ही म्हणाली, "गोळी विसरलास, म्हणून दवाखान्यात जावं लागलं."

मग मी पाण्याच्या मागे लागलो. बर्टन गावचं पाणी तिथल्या एलसाठी प्रसिद्ध का, तर त्यात जिप्सम मुरलेलं. म्हणून मीही जिप्समची पुडी आणली. मोडलेल्या हाताला घालतात ते प्लास्टर जिप्सम भाजूनच करतात, हे मी हिला सांगायला नको होतं.

हॉप्सच्या बाबतीतही मी असाच शहाणपणा केला. दुकानात फगल नावाचं हॉप होतं. नाव अगदीच शेतकी वाटलं म्हणून मी ते बाजूला सारून स्टिरियन गोल्डिंग घेतलं. नावातच सोनं! घरी येऊन पाकिटाचा वास घेत हिला म्हणालो, "बघ, किती खानदानी! फगल असतं तर मातकट आलं असतं." दोन महिन्यांनी वाचनात आलं की स्टिरियन गोल्डिंग म्हणजे स्लोव्हेनियात नेऊन लावलेलं फगलच. माहेरचं नाव फगल, सासरचं नाव गोल्डिंग. बिअरसाठी फक्त मादीवेलींचीच फुलं वापरतात, तेव्हा ही उपमा शास्त्रालाही धरून आहे.

दुसऱ्या घाण्याची हकिगत फार सांगत नाही. हायड्रोमीटर नावाचा काचेचा दांडा असतो, तो बिअरमध्ये तरंगत ठेवला की किती साखर उरली ते सांगतो. सुरुवातीला १.०४४ आणि शेवटी १.०१० दाखवलं की मद्यार्क साडेचार टक्क्यांच्या आसपास. माझा १.०१६ वर थांबला. दोन दिवस वाट पाहून पुन्हा मोजायला हवं होतं, पण दरम्यान तो ओट्यावरून घरंगळला. मित्र शनिवारी येणार होते. मी म्हटलं, सोळा काय नि दहा काय, आणि बाटल्या भरून, फसफसायला प्रत्येकीत थोडी साखर घालून, जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. यीस्टला त्या सहा अंकांची पक्की आठवण होती. रात्री अडीचला पहिली बाटली फुटली. तिच्या धक्क्याने दुसरी. मग जरा शांतता, आणि आम्ही जिन्यावर येऊन उभे राहिलो तेव्हा तिसरी. सकाळी शेजारचे आजोबा कुंपणाशी भेटले. त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, गुलाबांबद्दल बोलून घेतलं, आणि जाता जाता विचारलं, "काल रात्री सगळं ठीक होतं ना?"

पण या सगळ्याहून वाईट वेगळंच झालं. एव्हाना जून उलटला होता, पबमध्ये ती परत आली होती, आणि मला ती पिताच येत नव्हती. ग्लास हातात आला की मी तो आधी खिडकीकडे धरायचो. मग नाक घालायचो. वहीत लिहायचो: "मध कमी, लिंबू जास्त, फेस चार मिनिटं." एकदा तर मी खिशातून नवा हायड्रोमीटर आणि उंच नळी काढली. वायू गेल्याशिवाय आकडा खरा येत नाही, म्हणून बिअर या ग्लासातून त्या ग्लासात, त्या ग्लासातून या ग्लासात, चहा गार करतात तशी वरून धार धरून ओतत बसलो. ही माझ्याबरोबर आली नसल्यासारखी बसली होती. मालक टेबलाशी आला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, बिअरमध्ये काही खराबी आहे का?"

"छे! उत्तम आहे," मी म्हणालो, "म्हणून तर मोजतोय." १.००९ आला. आनंदाच्या भरात मी ती गॅस गेलेली, कोमट झालेली बिअर तशीच टेबलावर सोडून घरी आलो. हिशेब ठेवणाऱ्या हिने रस्त्यात आठवण करून दिली की आपण एका पाइंटचे पैसे भरून शून्य घोट प्यायलो.

राहिलं यीस्ट. मला पक्कं वाटत होतं की सगळी गोम यीस्टमध्ये आहे. या बिअरच्या बाटलीच्या बुडाशी जिवंत यीस्टचा गाळ असतो. मी सहा बाटल्या आणल्या, वरची बिअर बाजूला काढली (ती काय, फेकणार थोडीच) आणि तळाचा गाळ माल्टच्या गार केलेल्या पाण्यात सोडला. थोडक्यात, विरजण लावलं. बरणीच्या तोंडावर फॉइल, बरणी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या घड्यांमध्ये. सकाळ-संध्याकाळ जाऊन हलवायचं. तिसऱ्या दिवशी एक बुडबुडा आला तेव्हा मी ऑफिसात फोन करून उशिरा येतो म्हणालो. दहा दिवस वाढवत वाढवत लिटरभर केलं. अकराव्या दिवशी वाचलं की कित्येक ब्रुअरी बिअर एका यीस्टने आंबवतात आणि बाटलीत मात्र दुसरंच घालतात. ज्याचं मी दहा दिवस न्हाऊमाखू केलं ते बाळ त्या घरचं होतं की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता.

शेवटी लाज सोडून ब्रुअरीलाच पत्र लिहिलं. वाटलं होतं, वकिलाची नोटीस येईल. आलं चार ओळींचं उत्तर. माल्ट हे, हॉप्स ही, तापमान एवढं. आणि खाली: "यीस्ट हवं असेल तर स्वच्छ बरणी घेऊन या." मी दोन तास गाडी हाकत गेलो. रबरी बूट घातलेला एक माणूस बाहेर आला, त्याने माझ्या बरणीत पळीभर राखाडी लगदा घातला आणि झाकण लावून दिलं. शेजारणीकडे विरजण मागायला जावं इतका साधा मामला. वर्षभर मी जे रहस्य शोधत होतो ते मागितल्यावर मिळत होतं, याचा मला फार राग आला.

तर मग तिसरा घाणा. माल्ट त्यांचं, हॉप्स त्यांची, यीस्ट त्यांचं, गोळी घातलेली. आणि चव? केळ्याच्या शिकरणाची. उन्हाळ्याचे दिवस, बादली २६ अंशांवर तापलेली. यीस्टला उकडलं की ते असे फळांचे वास सोडतं. माझ्याकडे थंड तळघर नव्हतं, बादली मावेल एवढा फ्रिज नव्हता. मागच्या घाण्याच्या तळाचं यीस्ट विरजणासारखं राखून मी चौथा घाणा लावला आणि थर्मामीटरकडे बघत हताश बसलो.

त्याच आठवड्यात आई आली.

तिने बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहून बादलीकडे पाहिलं. झाकणावरचा एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी नळी, बुळुक, बुळुक करत होता.

"हे तुझं जवाचं पाणी?"

"हो."

"बुडबुडे येतात याला?"

"थोडेसे येतात."

"तुझे बाबाही कधी कधी ऑफिसातून उशिरा यायचे तेव्हा मूठभर बडीशेप चघळत यायचे," आई म्हणाली. "मी कधी काही विचारलं का?"

मी थर्मामीटरमध्ये डोकं घातलं. ती बादलीला हात लावून म्हणाली, "तापलंय हे. माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं गुंडाळ की. आणि खाली परातीत पाणी ठेव, म्हणजे फडकं वाळणार नाही." तिने स्वतःच माझा जुना टी-शर्ट भिजवून बादलीला नेसवला, पंखा तिच्याकडे वळवला आणि झोपायला गेली. सकाळी पारा २० वर होता. पुढे मला कळलं की जगभरचे घरी बिअर करणारे लोक हीच युक्ती करतात आणि तिला शास्त्रीय नाव देतात.

चौथ्या घाण्याची बाटली उघडली तेव्हा मी अर्धा मिनिट काही बोललो नाही. मध. गवत. लिंबाची साल. मागे तो कडवटपणा. ही म्हणाली, "झालं एकदाचं?" पण माझा माझ्यावर विश्वास राहिलेला नव्हता. रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली: तीन ग्लास, दोघांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा कोणता ते ओळखायचं. ओतायला ही, ग्लासांच्या बुडाशी चिठ्ठ्या. मित्र आले. एकाने पहिला म्हटला, एकाने तिसरा. मी तिन्ही खिडकीकडे धरले, नाक घातलं, वही काढली आणि जाहीर केलं की दुसरा ग्लास वेगळा आहे, तोच माझा आहे, जरा पातळ आहे आणि शेवट आखूड आहे.

चिठ्ठी निघाली. दुसरा ग्लास ब्रुअरीचा होता. पहिला आणि तिसरा माझे. मी उडीच मारणार होतो. मूळ बिअरला मी कच्ची नक्कल ठरवलं होतं, याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं!

आई इतका वेळ पोळ्या लाटत होती. ती हात पुसत आली, तिन्ही ग्लास एकेक करून नाकाशी नेले आणि पिण्याच्या भानगडीत न पडता पहिला आणि तिसरा पुढे सारले.

"हे दोन तुझे," ती म्हणाली. "फडक्याचा वास येतोय. मी गुंडाळल्यापासून धुतलंस का ते एकदा तरी?"