हक्कसोडपत्र, काकाजी आणि वहिनीचा फोन

दोन महिन्यांपूर्वी भावाचा फोन आला, "ताई, एक दिवस तालुक्याले येजो, सही पायजे तुई." कशाची म्हटलं तर हक्कसोडाची, म्हणजे बाबाच्या वावरातला माझा हिस्सा सोडून दिल्याची. चार एकर वावर, त्यात सोयाबीनचे हाल तुम्हाला माहीतच आहेत, हिस्सा मागून मी कोणता महाल बांधणार होते? तरी म्हटलं थांब जरा. बस, फॅमिली ग्रुपवर सुरू झालं. काकाजींनी लिहिलं, "या मोर्चेवाल्या बायांनीच घरं फोडली."

आमच्या मोठ्या ताईनं 2010 ला न वाचताच सही केली होती. तिचं लग्न 1991 चं. राज्यानं 1994 ला वडिलोपार्जित जमिनीत पोरींना पोराइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या पोरी त्यात धरल्याच नव्हत्या, म्हणून तिला वाटे आपला संबंधच नाही. 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली, हे तिला सांगणार कोण, भाऊ? बाबा 2003 ला गेले म्हणून तुम्हाला लागूच नाही असंही तो म्हणायचा, तर 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2005 ला बाप जिवंत असायची गरज नाही, पोरीचा हक्क जन्मापासूनचा.

आणि बायांनी हक्क मागणं हे काय शहरातल्या रिकाम्या बायांचं खूळ आहे का? 1942 ला नागपुरात दलित महिला परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, तिथं बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एक बायको असताना दुसरी करायला बंदी मागितली. तसा कायदा यायच्या कितीतरी आधी!

काकाजींची मात्र गंमत वाटते. स्वतः शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरलेला माणूस. 1986 ला चांदवडला महिला अधिवेशन झालं, पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावानं जमीन करून द्या म्हणून. सरकारनंही त्याच नावाची योजना आणली, नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढते. काकूचं नाव अजून चढलं नाही. भाव मागायला संघटना चालते, हे नाही चालत.

भावाचंही खोटं नाही हं. कर्ज त्याच्या डोक्यावर, चार एकराचे तुकडे करून कोणाचंच पोट भरत नाही. म्हणून मी त्याला एकच म्हटलं, मले वावर नको, पण आधी वहिनीचं नाव लाव, मग कुठं म्हणशील तिथं सही करतो. निंदण तिचं, वेचणी तिची, सकाळी डबा घेऊन जाते ते दिवेलागणीला येते, आणि रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे लिहिलेलं काय, तर "घरकाम".

तेव्हापासून भाऊ बोलत नाही. भाऊबीजेलाही काही आला नाही.

काल दुपारी वहिनीचा फोन आला. वावरातूनच केला असावा, वाऱ्याचा आवाज येत होता. हळूच म्हणे, "बाई, तो अर्ज कोठी भेटते?"