पापणी ऐकत नाही

पावसाळ्यात बेळगावच्या खानापूर रोडवर हेल्मेट आणि चष्मा दोन्ही लावून गाडी चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. काचेवर बाहेरून पाऊस, आतून स्वतःचाच श्वास. टिळकवाडीतून मच्छ्याच्या शाळेपर्यंत मी बहुतेक अंदाजानेच जातो. शेवटी बायकोनं निकाल दिला, "एकतर बसनं जावा, नाहीतर ते लेन्स तरी घालून घ्या."

आईचा लेन्सवर विश्वास नव्हता. "ती डोळ्याच्या मागं गेली म्हणजे?" हा प्रश्न मी डॉक्टरांपर्यंत पोचवला. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा तसाच वळून पापणीच्या आतल्या बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे मागं जायला वाटच नाही, असं त्यांनी सांगितलं. ते मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "वाट नसायला काय, खानापूर रोडला तरी कुठं आहे?"

माझी समजूत अशी, की चष्म्याचा नंबर दाखवायचा आणि डबी घेऊन यायचं. तसं नसतं. चष्म्याची काच डोळ्यापासून १२-१३ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. त्यामुळे मोठा नंबर असला की लेन्सचा आकडा बदलतो. माझा चष्मा वजा ६, लेन्स निघाली वजा साडेपाच. अर्धा नंबर माफ झाल्याचा जो आनंद मला झाला, तो पगारवाढीलाही झाला नव्हता.

पण तिथवर पोचायच्या आधी यंत्रांच्या दारोदार हिंडावं लागतं. एकात हनुवटी ठेवली की सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो. तो धूसर होतो, स्पष्ट होतो, आणि कुणी काही न विचारता नंबर छापून येतो. दुसरं फुस्सकन हवा मारतं. तिसरं बुबुळाची गोलाई मोजतं. ही गोलाई महत्त्वाची, कारण लेन्स घट्ट बसली तर चिकटते, सैल बसली तर डोळाभर फिरते. मग तक्ता. "इंग्लिश, कन्नड का मराठी?" असं तपासणाऱ्या मुलीनं विचारलं. दुकानाच्या पाटीवरून रामायण होणाऱ्या या गावात हा प्रश्न इतक्या सहज कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी इंग्लिश म्हटलं. उगाच कशाला.

खरी मजा अश्रूंच्या परीक्षेत. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि किती मिलिमीटर भिजली ते बघतात. डोळा कोरडा असेल तर लेन्स टोचते, आणि १० च्या वर भिजली की साधारण ठीक मानतात. माझी १८ भिजली. बायकोला मुळीच नवल वाटलं नाही.

नंतर डॉक्टरांनी चाचणीची लेन्स स्वतःच, मला कळायच्या आत घातली आणि ती स्थिरावेपर्यंत वीसेक मिनिटं बाहेर बसवलं. मऊ लेन्स बनवायचं यंत्र ओटो विख्टर्ले नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून तयार केलं होतं. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असं काही मांडलं असतं, तर परीक्षकांनी 'नीटनेटकेपणा कमी' असा शेरा मारला असता.

मग ती लेन्स काढली आणि आरसा माझ्यापुढं सरकवला. आता माझी मी घालायची.

"काका, हात साबणानं धुवा, पुसून कोरडे करा," तपासणारी मुलगी म्हणाली. 'काका' पहिल्यांदा टोचलं, लेन्स नंतर. लेन्स तर्जनीच्या टोकावर वाटीसारखी उभी राहायला हवी; कडा बाहेर पसरल्या तर ती उलटी. त्याच हाताच्या मधल्या बोटानं खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हातानं वरची धरायची. इथवर मी पहिला नंबर. पण बोट जवळ आलं, की पापणी मिटलीच. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; माझ्या पापणीचा खटला त्यामानानं लवकर निकालात निघाला, पण प्रकार तोच: हक्क माझा, ताबा दुसऱ्याचा.

"घाबरालाय कशाला ओ काका? बोटाकडं बघू नकासा, आरशात बघा."

मदतनीस मागून "म्याल नोड्री, म्याल नोड्री" म्हणत होता. मी वर बघितलं, लेन्स गालावर. खाली बघितलं, लेन्स मिशीत. दाराशी हिरवी पट्टी बांधून बसलेले बैलहोंगलचे एक अज्जा उरलेल्या डोळ्यानं हे सगळं मन लावून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "ह्याच्यापेक्षा माझा मोतीबिंदू बरा की."

त्या हसण्यात डोळा उघडा राहिला आणि लेन्स आपसूक बसली. काढताना वर बघून ती पांढऱ्या भागावर ओढायची आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायची. नखं कापलेली हवीत, हे तेव्हा पटतं.

मग सूचना. झोपायच्या आधी काढा. आधी उजवा डोळा, मग डावा, म्हणजे अदलाबदल होत नाही. राकसकोप धरणाचं पाणी कितीही गोड असो, लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही; त्यातला अकांथअमीबा नावाचा जीव बुबुळात घर करू शकतो. अंघोळही लेन्स काढून. संकेश्वरी मिरचीची देठं काढलेल्या हाताबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, ते माझं मला सुचलं.

आठवड्यानं फेरतपासणीला गेलो. लेन्स नीट बसत होती, लांबचं लख्ख दिसत होतं. डॉक्टरांनी हातात बारीक अक्षरांचं कार्ड दिलं. काहीच वाचता येईना. इतकी वर्षं मी चष्मा कपाळावर सरकवून वाचत होतो. लेन्स कपाळावर सरकत नाही.

"वय?"

"शेहेचाळीस."

"मग वाचायला चष्मा लागणार. नाहीतर एका डोळ्याला लांबची, दुसऱ्याला जवळची लेन्स देऊ. मेंदूला सवय होते."

मी बायकोकडं बघितलं. "नको ओ डॉक्टर," ती म्हणाली, "मेंदूवर फार भिस्त नको."

चष्म्याची फ्रेम तिनंच निवडली.