खुलासा : ‘आधीच्या पिढ्यांना नैराश्य नव्हतंच’ हा निष्कर्ष चुकीचा

‘आयुष्यात कधी नैराश्य आलं होतं का?’ या प्रश्नाला सत्तरीतल्यांपेक्षा तिशीतले जास्त वेळा ‘हो’ म्हणतात, म्हणून प्रत्येक नवी पिढी अधिक आजारी, असा संदेश फिरतो आहे. गफलत प्रश्नातच आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे ते दोन वाईट महिने माणूस विसरतो, किंवा ‘तेव्हा जरा थकवा होता’ म्हणतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासात १९७२-७३ साली जन्मलेल्यांना ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासलं. ३२व्या वर्षापर्यंत आजार होऊन गेलेल्यांचं प्रमाण आठवणीवर विसंबलेल्या सर्वेक्षणांच्या सुमारे दुप्पट निघालं. शिवाय गंभीर आजार असलेले अनेक जण सत्तरी गाठतच नाहीत, त्यामुळे मोजणीतून गळतात.

जगातले सर्व मानसिक आजारांचे मिळून रुग्ण १९९० मधल्या ६५ कोटींवरून २०१९ मध्ये ९७ कोटींवर गेले, हेही खरं. पण लोकसंख्या वाढली. वयरचनेचा फरक काढला की दर जवळपास तेवढाच राहतो.

मात्र ‘काहीच बदललेलं नाही’ असंही कुणी म्हणू नये. २०१० नंतर अनेक देशांत किशोरवयीन मुलींमध्ये नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसतात. हे कळतं ते वेगवेगळ्या सालांतल्या एकाच वयाच्या मुलींना, तीच प्रश्नावली देऊन, ‘गेल्या दोन आठवड्यांत’ अशा जवळच्या काळाबद्दल विचारल्यामुळे.